दुसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय

९ जानेवारी १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग खरोखरच. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर कागदांचा ढीग बसलाय, म्हणून जमिनीवर पालथी पडून लिहितेय.)

मी जेवते, झोपते आणि केस विंचरते. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच दिली.

आता पुढचं नीट वाच, कारण हे फक्त तुला सांगतेय आणि मामाला कळता कामा नये. मी माझा शोधनिबंध काल छापायला पाठवला. त्यात मी तुझ्या दादाला चुकीचं ठरवलंय.

पंचवीस वर्षांपूर्वी मामाने पॅलेडियम या धातूचं एक पिवळं संयुग बनवलं. मधे धातूचा एक अणू आणि चारही बाजूंनी त्याला धरून ठेवणारे चार हात, असं समज. ते चिमूटभर टाकलं की तेलात हायड्रोजन भराभर शिरतो. एरवी वर्षभर ढवळलं तरी शिरणार नाही. अशा चिमटीला उत्प्रेरक म्हणतात. या उत्प्रेरकाला एक खोड आहे. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही, मग एकदम काम सुरू होतं. मामाने सांगितलं, की त्या वीस मिनिटांत संयुग आपला एक हात सोडतं आणि कामाला जागा करतं. ते पाठ्यपुस्तकात गेलं, बाणांच्या आकृतीसकट अर्धं पान. आमच्या जिन्यातही ती आकृती काचेत लावलीय. मी रोज तिच्याखालून खाली मान घालून जाते.

मला जे दिसतंय ते वेगळं आहे. संयुग हात सोडत नाही, ते पार मोडूनच पडतं. सुटा झालेला धातू बारीक काळी पूड होऊन भांड्याच्या तळाशी बसतो, आणि सगळं काम ती पूड करते. मामाने तिला एका ओळीत 'नगण्य अवशेष' म्हणून वाटेला लावलंय.

जुलैत मला कायम करायचं की निरोप द्यायचा ते ठरेल. विभागप्रमुख मामाचे जुने भक्त आहेत, पण छापून आलेल्या कागदापुढे तेही नमतात. मला बीजगणित ज्याने शिकवलं त्याच्याशी मी असं वागतेय, हे मला कळतं. निबंध स्वीकारला गेला की स्वतः जाऊन त्याला सांगेन.

लोभ आहे तसाच राहू दे, फक्त दादाच्या कानापासून लांब.

तुझी,
मुंगी

४ फेब्रुवारी १९९६

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (त्यातला 'उत्तम' सवयीने आलाय, तपासून घे.)

निवृत्तीनंतर संस्थेने मला ही खोली दिली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे काढून घ्यायचं विसरले. शेजारी वायूच्या नळकांड्यांचं कोठार आहे. दिवसभर लोखंड लोखंडावर आपटतं आणि मी लिहीत असतो. बेसिनचा नळ गळतो. तक्रार दिली तर माणूस आला, नळाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, की जुना झालाय, असंच होणार. नळाबद्दल म्हणाला असं मी धरून चाललोय.

सध्या एका निबंधाच्या परीक्षणाचं काम आलंय. लेखक तरुण, भाषा बरी, घाई भरपूर. असल्यांना वेळीच थांबवलं नाही तर विषयाचं वाटोळं होईल. चार पानी अभिप्राय लिहिला. हात भरून आला, पण मन हलकं झालं.

मुंगीचं दोन महिने पत्र नाही. तिला म्हणावं, मामाला विसरलीस तरी चालेल, तपासणीचा प्रयोग विसरू नकोस. ती बरी आहे ना? कुणी काही बोललं तर मनाला लावून घेणारी आहे, म्हणून विचारतो.

लोभ वाढवायचं हे वय नव्हे. आहे तो टिकव.

तुझा,
दादा

२० मार्च १९९६

ती. आईस,
सा. न. आज फक्त नमस्कार. विनंतीला जागा नाही, विशेष एवढंच की मी संतापलेय.

अभिप्राय आले. पहिल्या परीक्षकाने चार ओळींत छापा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने चार पानं लिहिलीत! नावं कळवत नाहीत, पण हा कुणी तरी माणूसघाणा आहे हे ओळखायला नाव लागत नाही. तो म्हणतो, की काळी पूड दिसली म्हणून तीच काम करते असं कसं ठरवलं. घरात मांजर दिसलं म्हणून दूध त्यानेच आणलं असं लेखिका म्हणेल काय? वर सांगतो, की लेखिकेने आधी पेन्सिलीने विचार करावा, मग शाईने. आणि शेवटी फर्मान, की पाऱ्याची चाचणी केल्याशिवाय हा निबंध पुन्हा माझ्यासमोर आणू नये.

पारा सुट्या धातूला धरून निकामी करतो, अख्ख्या संयुगाला शिवत नाही. चालू प्रक्रियेत पारा टाकला आणि काम थांबलं, तर काम पुडीचं. चाचणी सोपी वाटते, पण नीट करायची म्हणजे दोन महिने गेले. आणि जुलै काय माझ्यासाठी थांबणार आहे?

विभागप्रमुखांनी अभिप्राय वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, की परीक्षक मोठा जाणकार दिसतो. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले, तर समोर ती आकृती.

यातली गंमत ऐक. निबंध पाठवताना मी संपादकांना मुद्दाम लिहिलं होतं, की तो माझ्या मामाकडे पाठवू नका. मामा मला डोळे झाकून पास करेल, आणि लोक म्हणतील मामाने भाचीला तारलं. आता वाटतं, त्याच्याकडेच गेला असता तर बरं झालं असतं.

अभिप्रायाची प्रत सोबत आहे. वाच आणि माझ्या बाजूने चिड.

लोभाची आज फार गरज आहे.

मुंगी

२७ मार्च १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि. त्यातली विनंती वाचून झाल्यावर कळेल.

मुंगीने मला एका अभिप्रायाची प्रत पाठवलीय. मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते. रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण या माणसाने अर्धविरामानंतर प्रत्येक वेळी दोन जागा सोडल्यात, हे मला कळलं. असं करणारी माणसं मी आयुष्यात दोन पाहिली. त्यातले आमचे जुने व्यवस्थापक वारले.

तरी मी मनाला समजावलं. मग 'आधी पेन्सिलीने विचार करावा, मग शाईने' हे वाक्य आलं. मी नववीत असताना माझ्या निबंधाच्या वहीवर तू हेच लिहिलं होतंस, आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ती आता एकतीसची आहे आणि तिची नोकरी टांगणीला आहे.

तिने संपादकांना लिहिलं होतं, की मामाकडे पाठवू नका, तो लाडाने पास करेल. तुझ्याबद्दल पोरीचं मत किती चांगलं आहे बघ. मला वाचून रडू आलं, आणि तुझा अभिप्राय पुन्हा वाचल्यावर थांबलं.

तो तूच ना? हो किंवा नाही एवढंच लिही. चार पानं लिहू नकोस.

लोभ आहे की नाही हे तुझ्या उत्तरावर.

धाकटी

३ एप्रिल १९९६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हो.

तू एवढंच लिहायला सांगितलंस, पण मला एवढ्यावर थांबवेना. पाकीट आलं तेव्हा वर तिचं नाव होतं. नात्यातल्या माणसाचं परीक्षण करू नये हा नियम मी स्वतः चाळीस विद्यार्थ्यांना शिकवलाय. तेव्हाच पाकीट परत करायचं. पण पहिल्या परिच्छेदात माझं नाव होतं, आणि सहाव्या परिच्छेदात मी चुकलेलो होतो. तुला सांगतो, सहाव्या परिच्छेदापर्यंत वाचून पाकीट परत करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मी मनाला म्हणालो, की या विषयातलं माझ्याइतकं कुणाला कळतं. म्हणालो, की पोर घाईने तोंडावर पडेल, तिला वाचवलं पाहिजे. असली चांगली चांगली कारणं मला दिवसभर सुचत राहिली. खरं कारण एकच होतं: मला राग आला होता. मांजराचं वाक्य लिहिताना तर मी मोठ्याने हसलो. आता ती ओळ खोडताही येत नाही.

मी तिला पास करेन असं तिला वाटलं, हे वाचून आधी बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

तरी एक सांगतो. पाऱ्याची चाचणी मागितली ते बरोबरच होतं. तिच्या निबंधात ती नाही. माझ्या निबंधातही नव्हती. पण मला ती कुणी मागितली नाही, म्हणून मी पंचवीस वर्षं मोठा माणूस राहिलो. आता ठरवलंय, की ती चाचणी मी स्वतः करून बघायची. कपाटात माझ्या जुन्या पिवळ्या स्फटिकांची एक बाटली सापडलीय.

मुंगीला सांगू नकोस. मीच सांगेन, योग्य वेळी.

उरलासुरला लोभ सांभाळून ठेव.

दादा

१५ एप्रिल १९९६

ती. मामास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नकोस. काम फार होतं.

एक सल्ला हवाय, माझ्यासाठी नाही, एका मैत्रिणीसाठी. तिचा निबंध एका परीक्षकाने अडवलाय. बाई फार खचलीय. तो माणूस इतका खवचट आहे, की त्याला घरी कुणी चहा तरी देत असेल का अशी शंका येते. त्याने पाऱ्याची चाचणी मागितलीय. मैत्रिणीने दोनदा केली, पण पारा नुसता तळाशी लोळत बसतो आणि प्रक्रिया कधी मंदावते, कधी नाही. असं का होत असेल? आणि अशा परीक्षकाला उत्तर कसं लिहायचं? तिच्या मनात पहिलं वाक्य तयार आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

तुझ्या खोलीतला नळ दुरुस्त झाला का?

मैत्रिणीवरही थोडा लोभ असू दे.

तुझी,
मुंगी

२४ एप्रिल १९९६

चि. मुंगीस,
अ. उ. आ. आणि ते मैत्रिणीलाही.

नळ गळतोच आहे.

मैत्रिणीला सांग, की पारा थेंबभर टाकून भागत नाही, भरपूर लागतो. तो जड असतो, ढवळायची कांडी त्याच्यावरून नुसती घसरते. म्हणून कांडी मोठी घ्यावी आणि इतकं जोरात ढवळावं, की पाऱ्याचे बारीक मणी होऊन सगळीकडे पसरले पाहिजेत. सुरुवातीला टाकू नये, काम अर्ध्यावर आलं की टाकावा. शेजारी दुसऱ्या भांड्यात पाऱ्याशिवाय तीच प्रक्रिया चालू ठेवावी, नाही तर कुणी तरी खवचट माणूस विचारेल, की पारा नसता तर थांबलीच नसती कशावरून. हे सगळं वाफ बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात, काच खाली ओढून. पाऱ्याची वाफ नातं बघत नाही.

परीक्षकाला उत्तर साधं लिहावं. मागितलं ते केलं, हे निघालं, बस. चिडलेल्या वाक्यांकडे दुर्लक्ष करावं. असा माणूस बहुधा म्हातारा असतो, आणि त्याच्या खोलीत फारसं कुणी येत नसतं. चहा तो स्वतःच करून घेत असावा.

मैत्रीण हुशार वाटते. तिला म्हणावं, खचू नकोस.

लोभ तिकडून किती उरेल ते माहीत नाही, इकडून पुष्कळ आहे.

मामा

६ जून १९९६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज लिहितोय ते बसून, शांतपणे, आधी पेन्सिलीने.

बाटलीतले स्फटिक पंचवीस वर्षांनीही पिवळे धमक होते. वायू मोजायची काचेची नळी लावली. हायड्रोजन जसजसा तेलात शिरतो तसतशी नळीतली पाण्याची पातळी चढते. वीस मिनिटं ढिम्म, मग चढू लागली. अर्ध्यावर आली तेव्हा पारा ओतला आणि कांडीचा वेग वाढवला. पातळी थांबली.

मला वाटलं नळी तुंबली. ती काढून धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा थांबली. तिसऱ्या दिवशी मुद्दाम पारा टाकला नाही, तर शेवटपर्यंत नीट चढली. चौथ्या दिवशी टाकला, थांबली. पाचव्या दिवशी मी काही केलं नाही. स्टुलावर बसून राहिलो. शेजारच्या कोठारात आपटाआपट चालू होती, पहिल्यांदाच तिची सोबत वाटली.

मुंगी बरोबर आहे. मी चुकलो, आणि किती साध्या रीतीने चुकलो बघ. मला स्वच्छतेची हौस. दर संध्याकाळी मी ते काळं आम्लराजाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लाने, धुवून भांडी लख्ख करायचो. दुसऱ्या दिवशी नवं पिवळं टाकायचो आणि वीस मिनिटं थांबायचो. काम करणाऱ्याला रोज मीच हाकलत होतो, आणि तो यायला उशीर का करतो यावर निबंध लिहीत होतो.

तिचा सुधारलेला निबंध परवा आला. चाचणी तिने माझ्यापेक्षा देखणी केलीय. या वेळी अभिप्रायात एकच ओळ लिहिली, की आहे तसा छापावा. तो टाकून परत आलो आणि चैन पडेना. म्हणून संपादकांना दुसरं पत्र लिहिलं, की लेखिका माझी सख्खी भाची आहे, मी हे परीक्षण घ्यायलाच नको होतं, काय करायचं ते तुम्ही ठरवा. पंचवीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

लोभाचा हक्क आता थोडा परत मागतो.

दादा

२ ऑगस्ट १९९६

मामास,
सा. न. सवयीने लिहिला आहे.

संपादकांचं पत्र आलं. त्यांच्या कारकुनाने मी दिलेली 'यांना पाठवू नये' ही यादी 'यांना पाठवावे' म्हणून वाचली, याबद्दल त्यांनी दिलगिरी कळवलीय. दुसरा परीक्षक कोण होता हे सांगायला त्यांची हरकत नव्हती, कारण त्याने स्वतःच नाव उघड करायला सांगितलं होतं.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग तुझं एप्रिलचं पत्र काढलं. ते मी प्रयोगशाळेत भिंतीवर चिकटवलं होतं, मामा! माझे विद्यार्थी ते वाचून पारा ढवळत होते. मी खवचट लिहिलं, चहा कुणी देत नसेल लिहिलं, आणि तू शांतपणे मला कांडी मोठी घ्यायला सांगत होतास.

आता तुझ्या प्रामाणिकपणाचं फळ ऐक. तू कबुली दिलीस म्हणून तुझे दोन्ही अभिप्राय रद्द झाले आणि निबंध तिसऱ्या परीक्षकाकडे गेला. तो सुट्टीवर आहे. जुलै संपला. समितीपुढे विभागप्रमुखांनी सांगितलं, की निबंध अजून विचाराधीन आहे, आणि मला आणखी एक वर्ष तात्पुरतं ठेवलं. तू लबाडी केलीस तेव्हा माझा निबंध सुधारला, आणि खरं बोललास तेव्हा माझं वर्ष गेलं. यातून मी काय शिकायचं ते तूच सांग. मला बीजगणित तूच शिकवलंस.

मांजराचं वाक्य मी विसरणार नाही.

लोभ सध्या स्थगित.

मुंगी

१२ ऑगस्ट १९९६

ती. दादास सा. न., चि. मुंगीस अ. उ. आ.

मधे कार्बन घालून दोघांना एकच पत्र लिहितेय. खालची प्रत कुणाला गेली यावरून भांडू नये.

जानेवारीपासून मी तुम्हा दोघांची गुपितं पोटात घेऊन हिंडतेय. एकीचं दादाला सांगू नको, दुसऱ्याचं मुंगीला सांगू नको. छापखान्यात माझ्या हातून दोन मथळे चुकले आणि एका मंत्र्याच्या भाषणात मी जवळजवळ पारा घुसवला होता.

मुंगे, रागावलीस ते बरोबर. पण त्या माणसाने पंचवीस वर्षांचा मान स्वतःच्या हाताने नळीत घालून मोजला. तो तीनदा खोटा निघाला, आणि हे त्याने मला लिहून कळवलं. मी आजवर हजारो पानं तपासली. चूक दाखवल्यावर लेखक आधी माझ्याकडे रागाने बघतो, मग खिळे जुळवणाऱ्याकडे. स्वतःकडे बघणारा मी पाहिला नव्हता.

दादा, तू मला लिहून मोकळा झालास, पण मी म्हणजे काही पाठ्यपुस्तक नाही. चूक छापून केलीस, दुरुस्तीही छापून कर. मसुदा आधी मुंगीला दाखव, मग मला. अर्धविराम मी बघेन.

लोभाच्या बाबतीत मी आता कुणाला काही विचारणार नाही. तो असलाच पाहिजे.

धाकटी / आई

१८ नोव्हेंबर १९९६

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

अंक मिळाला. तुझा निबंध आठ पानं, माझी दुरुस्ती अर्धा रकाना, आणि दोन्ही एकाच अंकात. तिसऱ्या परीक्षकाला तीन महिन्यांत दोनच ओळी सुचल्या हे पाहून मला माझ्या चार पानांचा किंचित अभिमान वाटला. क्षमा कर. तू माझ्या मसुद्यातून 'बहुधा' हा शब्द सात वेळा खोडलास, तेव्हाच ओळखलं की लोभावरची स्थगिती उठली.

दुरुस्ती वाचून मला एकच पत्र आलं. ते विद्यापीठातलं नाही. एका सुगंधी तेलांच्या कारखान्यातले रसायनतज्ज्ञ आहेत. ते लिहितात, की तिथे बावीस वर्षं माझ्या पद्धतीने काम चालतं. माझ्या निबंधात लिहिलंय म्हणून प्रत्येक खेपेनंतर भांडं घासून लख्ख करायचा नियम आहे. त्यांचा एक भट्टीवाला कामगार होता, तो कधी नीट घासायचा नाही. आणि त्याच्या पाळीत काम नेहमी पाऊण तास लवकर उरकायचं (माझी वीस मिनिटं त्यांच्या मोठ्या भांड्यात तेवढी लांबतात). घाणेरड्या भांड्याबद्दल त्याला नऊ लेखी ताकिदी दिल्या. लवकर का होतं हे या साहेबांच्या मनात आलं होतं, पण छापलेलं कसं चुकेल म्हणून त्यांनी विचार सोडून दिला. कामगार आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाला.

मुंगे, त्या नऊ ताकिदी माझ्या आहेत. मी त्याचा पत्ता मागवला. तुझ्या गावापासून बसने दोन तासांवर राहतो. त्याला जाऊन सांगायचंय, की तो बरोबर होता. एकट्याने जायचा धीर होत नाही. येशील?

लोभ सोबत घेऊन ये.

मामा

९ डिसेंबर १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. तुला सगळं सांगायचं कबूल केलंय, म्हणून हातासरशी लिहितेय.

बसमध्ये मामा सारखा कागदावरचं भाषण पुटपुटत होता. घर दोन खोल्यांचं. कामगार सत्तरीच्या जवळचे (मी त्यांना आजोबाच म्हणू लागले), अंगाने किरकोळ, तळहातांची कातडी घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा केला आणि विमावाले आहोत का म्हणून विचारलं.

मामा उभा राहिला. खरंच उभा राहिला, समारंभात राहतात तसा. म्हणाला, की ती पद्धत माझी होती, चूक माझी होती, तुम्ही भांड्यात ठेवत होता तेच खरं काम करत होतं, आणि त्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली. मी खाली बघत राहिले.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की ते तर त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. आळस वगैरे काही नव्हता, ते मुद्दामच ठेवायचे. काम लवकर उरकलं की पाऊण तास पोत्यांच्या मागे झोप मिळायची. मामाने विचारलं, की मग साहेबांना का नाही सांगितलं? ते म्हणाले, की सांगितलं असतं तर साहेबांनी त्या पाऊण तासात आणखी एक खेप घालायला लावली असती. नऊ ताकिदी त्या मानाने काहीच नाहीत.

आई, मामा खुर्चीवर बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही. आजोबा आमच्याकडे जरा काळजीने बघत होते.

मग मी माझा निबंध काढला. मनात आलं, ते भांड्यात ठेवायचे त्याबद्दल काय छापून आलंय, ते तरी कुणी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. तळाशी बसलेली काळी पूड काम करते, असं मी सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, की तळाचं नाही, बाई. तळाचं निरुपयोगी, ते तेही खरवडून टाकायचे. भिंतीला जो पातळ थर चिकटून राहतो ना, आरशासारखा, तो ठेवायचा. तळ ठेवला आणि भिंत घासली, तर काम उशिरानेच सुरू होतं. त्यांनी दोन्ही करून पाहिलं होतं, एक एक महिना आलटून पालटून. तपासणीचा प्रयोग, आई! पोत्यांच्या मागे झोपता यावं म्हणून.

माझ्या निबंधात 'तळाशी' हा शब्द अकरा वेळा आहे. छापून तीन आठवडे झाले. मी मामाकडे बघितलं. त्याने मांजराची आठवण काढली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेव. त्याने फक्त खिशातून वही काढली, आजोबांच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि विचारलं, की थर केवढा जाड ठेवायचा. आजोबांनी सांगायला सुरुवात केली आणि तो भराभर उतरवून घेऊ लागला. पेन्सिलीने की शाईने ते मी पाहिलं नाही, कारण मीही वही शोधत होते.

मामा आठ दिवस माझ्याकडे राहतोय. खुर्चीवरचे कागद त्याने उचलले आणि खुर्ची स्वतः घेतली. उद्यापासून भिंत आणि तळ वेगवेगळे तपासायचे आहेत. नव्या निबंधावर तीन नावं घालायची असं ठरलंय, पण आजोबांनी निघताना बजावलंय, की त्यांचं नाव शेवटी आणि बारीक अक्षरात घाला, कारखान्यात अजून त्यांचा जावई पाळीवर आहे.

मुद्रितं तुझ्याकडेच पाठवेन. लोभ पुष्कळ झालाय, तो आम्ही तिघांत वाटून घेतो.

तुझी,
मुंगी